अदमासाची हद्द

आमच्या मोऱ्याला भरतीचा एक ठोकताळा आहे. कोकणपट्टीतल्या कोणत्याही बंदरात तो म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सर्वांना पाठ असतो. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भिंतीवर पंचांग आणि तोंडी पाढे, एवढ्या भांडवलावर पिढ्यान्‌पिढ्या मचवे हाकारले गेले. जुन्या कुलाबा जिल्ह्यात पनवेल तालुक्याचा जो उरण पेटा होता, त्याचे हे मोरा बंदर. मुंबईला भाऊच्या धक्क्यावर जायचे तर येथूनच लाँच पकडायची, आणि लाँच पकडायची तर आधी पाणी पाहायचे. कारण बंदरात गाळ फार, आणि सुकतीला लाँच धक्क्याला लागत नाही.

हा ठोकताळा अगदी काटेकोर नाही, हे त्याच्याच हिशेबावरून दिसते. अमावास्येला पंधराची पाऊणपट केली तर सव्वाअकरा येतात. पण अमावास्येची भरती बाराच्या सुमारास असते, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे. एका तिथीला सरासरीने अठ्ठेचाळीस मिनिटांचा फरक पडतो. ठोकताळा पंचेचाळीस धरतो. शिवाय हा फरक रोज सारखा नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तो कमी असतो, अष्टमीच्या आसपास वाढतो. तरीसुद्धा ठोकताळा उपयोगी आहे, आणि त्याला नावे ठेवण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते दुसऱ्याच एका जातीच्या ठोकताळ्यांविषयी. ज्या शास्त्राने अणूचे अंतरंग उघडे केले असे आपण म्हणतो, त्या पुंजयामिकीतल्या, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्समधल्या, अदमासाच्या गणितांविषयी. दिवाळीच्या फराळाबरोबर हे ताट पुढे आलेले पाहून वाचक दचकतील. पण या विषयाची गाठ मला प्रथम पडली ती दिवाळीतच, आणि मोऱ्याच्या गाळातच.

१९७४ सालची भाऊबीज. मी तेव्हा मुंबईला एम. एस्सी. करीत होतो. आक्का सासरहून मोऱ्याला आली होती आणि रात्रीच्या शेवटच्या एस. टी.ने तिला परत जायचे होते. मी मोठ्या ऐटीत कळवले होते, "सव्वानऊला धक्क्यावर उतरतो. हिशेब केलेला आहे." हिशेब असा : द्वितीया, म्हणजे भरती दुपारी दीडला. तेथून सव्वासहा तासांनी, पावणेआठला, सुकती. पुढे सहा तासांत पाणी बारा फूट चढणार, म्हणजे तासाला दोन फूट. सव्वानऊपर्यंत दीड तास होतो; तीन फूट पाणी चढलेले असेल आणि तेवढे लाँचला पुरेल.

लाँच धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर गाळात रुतली आणि पाऊण तास तेथेच राहिली. मी धावत घरी पोचलो तेव्हा ओवाळणीचे ताट झाकून ठेवलेले होते, निरांजन विझलेले होते आणि आक्का गेलेली होती.

वडिलांनी उभा जन्म मचव्यावर काढलेला. त्यांना मी माझा हिशेब दाखवला. तो चुकला कोठे हे मलाच कळत नव्हते. ते म्हणाले, "पाणी जिन्यासारखं चढत नाही. आधी आळसावतं, मधे धावतं, शेवटी पुन्हा आळसावतं. आणि पाण्याचं पाण्याला विचारावं, पंचांगाला नाही." मग मी कागदावर पुन्हा मांडून पाहिले. सुकतीनंतरच्या पहिल्या दीड तासात पाणी चौथा हिस्सा चढत नाही, जेमतेम सातवा हिस्सा चढते. तीन फुटांच्या जागी पावणेदोन. गंमत अशी की माझा सरळ रेषेचा हिशेब सुकतीला बरोबर होता, भरतीला बरोबर होता आणि बरोबर मध्यावर, तीन तासांनीही, अगदी बिनचूक होता. तीन ठिकाणी तपासला असता तर तिन्ही ठिकाणी तो उत्तीर्ण झाला असता. तो चुकला ते मला जेथे उतरायचे होते तेवढ्याच जागी.

त्या रात्री जे कळले ते परीक्षेच्या अभ्यासात कळले नव्हते. चूक किती टक्क्यांची, हा प्रश्न अपुरा आहे. त्या चुकीच्या काठावर काय उभे आहे, हे पाहावे लागते. माझी चूक सव्वा फुटाची होती. त्या सव्वा फुटाच्या काठावर शेवटची एस. टी. उभी होती.

आता अणूकडे वळू. १९२६ साली श्रोडिंजरने आपले समीकरण मांडले. हायड्रोजनच्या अणूत एक केंद्र आणि त्याच्याभोवती एक इलेक्ट्रॉन. तेथे हे समीकरण पूर्णपणे सुटते आणि उत्तर असे येते की प्रयोगाने मान डोलवावी. पण हायड्रोजनच्या शेजारच्या घरात, हेलियममध्ये, दोन इलेक्ट्रॉन आहेत. ते केंद्राकडे ओढले जातात आणि एकमेकांना दूर लोटतात. पहिला कोठे आहे ते दुसऱ्यावर अवलंबून आणि दुसरा कोठे आहे ते पहिल्यावर. एवढ्यानेच गणित अडते. कागदावर मांडता येईल असे नेमके, सुटसुटीत उत्तर हेलियमलाही मिळत नाही. मग पाण्याच्या थेंबाची आणि हळदीच्या रंगाची काय कथा! १९२९ साली डिरॅकने हे स्पष्टच सांगून टाकले होते : रसायनशास्त्राचे मूलभूत नियम आता हाती आले आहेत, अडचण एवढीच की त्यांतून निघणारी समीकरणे सोडवता येण्याजोगी नाहीत, तेव्हा अदमासाच्या चांगल्या पद्धती शोधा. हे जे 'एवढीच' आहे, त्यातच पुढची जवळजवळ शंभर वर्षे गेली.

हेलियमचाच हिशेब घ्या. त्याचे दोन्ही इलेक्ट्रॉन सुटे करायला ७९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, असे प्रयोग सांगतो. इलेक्ट्रॉन एकमेकांना लोटतात हे साफ विसरून गणित केले तर उत्तर येते १०८.८. मग त्या लोटालोटीची पहिली दुरुस्ती केली की उत्तर ७४.८ वर येते. एक इलेक्ट्रॉन दुसऱ्यापासून केंद्राला थोडे झाकतो, असे धरून केंद्राचा भार किंचित कमी मानला की ७७.५. प्रत्येक इलेक्ट्रॉनला दुसऱ्याच्या सरासरी ढगात फिरू दिले की ७७.९. दोन इलेक्ट्रॉनांमधले अंतर गणितातच उघडपणे घेऊन १९२९ साली हिलेरास या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने टेबलावरच्या गणकयंत्रावर आकडे फिरवले, तेव्हा कोठे ७९ हाताशी आले.

यांतली सरासरीची पद्धत सर्वांत लोकप्रिय ठरली. १९२८ साली डग्लस हार्ट्री याने ती काढली, १९३० च्या सुमारास फॉक आणि स्लेटर यांनी ती नीट केली. हार्ट्रीचे वडील विल्यम हे निवृत्तीनंतर मुलाच्या या आकडेमोडीत कित्येक वर्षे त्याच्या मदतीला बसत. शास्त्राच्या इतिहासातली ही एक गोड गृहस्थी आहे. पद्धत समजायला सोपी आहे. गर्दीच्या लाँचमध्ये चढताना आपण प्रत्येक उतारूची जागा पाहत नाही. 'पुढे दाटी आहे, मागे मोकळे आहे' एवढे पाहून वाट काढतो. तसाच येथे प्रत्येक इलेक्ट्रॉन इतरांची दाटी तेवढी ओळखतो, माणूस ओळखत नाही. पण खऱ्या लाँचमध्ये समोरचा माणूस डावीकडे सरकला की आपण उजवीकडे सरकतो. ही जी क्षणोक्षणीची चुकवाचुकव आहे, ती या पद्धतीत गळते.

गळते ती किती? हेलियममध्ये ७९ पैकी १.१; म्हणजे शंभरांत दीडसुद्धा नाही. परीक्षेत साडेअठ्ठ्याण्णव गुण मिळवणाऱ्या मुलाची आपण मिरवणूक काढू. पण रसायनशास्त्राचा सगळा संसार त्या उरलेल्या दीड गुणात आहे. फ्लोरीन वायूचा रेणू पाहा. त्याचे अठरा इलेक्ट्रॉन आणि दोन केंद्रे मिळून एकूण ऊर्जा सुमारे ५,४०० इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. सरासरीची पद्धत यांतला साडेनव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग अचूक पकडते. मात्र दोन फ्लोरीन अणूंना एकत्र बांधून ठेवणारा जो बंध, तो अवघा १.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. साऱ्या राशीत तो कोठल्या कोठे हरवतो, आणि ही पद्धत असा निर्वाळा देते की दोन फ्लोरीन अणू सुटे राहिलेलेच बरे. त्यांचा रेणू टिकायचा नाही! बाटलीत भरलेला वायू समोर असताना गणित म्हणते, तो नाही. माझ्या सव्वा फुटाची आठवण येथे होते. चूक लहान होती. पण ज्या गोष्टीचा निकाल लावायचा होता ती तिच्याहूनही लहान होती.

दुसरे उदाहरण हायड्रोजनच्या रेणूचे. दोन अणू जवळ असताना दोन्ही इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रांचे सामाईक असतात आणि सरासरीची पद्धत चांगली चालते. आता अणू एकमेकांपासून दूर न्या. भाऊ वेगळे झाले, एक मोऱ्याला आणि एक मुंबईला. प्रत्येकाने आपापल्या घरी राहावे हे उघड आहे. पण साधी सरासरीची पद्धत दोघांनाही एकाच साच्यातून काढते, आणि म्हणून ती सांगते की निम्म्या वेळा दोघेही एकाच घरात सापडतील व दुसरे घर रिकामे असेल. दोन मैलांवर नेले काय, दोनशे मैलांवर नेले काय, हा हट्ट सुटत नाही. बंध शाबूत असतानाच्या मध्यावर पद्धत खरी. बंध तुटतानाच्या काठावर खोटी. आणि रसायनातली प्रत्येक क्रिया म्हणजे काही बंध तुटणे आणि काही जुळणे.

तिसरे उदाहरण माझ्याच फजितीचे आहे. त्या भाऊबीजेनंतर चार-सहा महिन्यांनी मी प्रबंधिका सादर केली. विषय होता कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूत विद्युत्‌भाराचे पारडे कोणत्या बाजूला झुकते हा. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांचा लोभी, तेव्हा ऋणभार त्याच्याकडे असणार, असे कोणीही म्हणेल. छिद्रे पाडलेली कार्डे यंत्रात घालून मी सरासरीच्या पद्धतीने जे उत्तर काढले तेही तेच म्हणत होते. प्रयोग मात्र उलट सांगतो : ऋणभार किंचितसा कार्बनच्या बाजूला आहे. व्यवहारज्ञान माझ्या बाजूचे, यंत्र माझ्या बाजूचे. मी प्रबंधिकेत लिहून टाकले की प्रयोगाची फेरतपासणी व्हावी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला : "तुमच्या पद्धतीने काय गाळले आहे?" मला उत्तर देता आले नाही. पद्धत कशी चालवायची ते मला पाठ होते. ती काय टाकून देते हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते. इलेक्ट्रॉनांची ती चुकवाचुकव जमेस धरली की चिन्ह उलटते आणि प्रयोगाशी जुळते, हे पुढे मी स्वतःच करून पाहिले.

काही पद्धतींची बाजू मात्र घेतली पाहिजे. सरासरीची पद्धत आणि हिलेरासची पद्धत या दोन्ही एका उदार तत्त्वावर उभ्या आहेत. तुम्ही कसलाही अंदाज मांडा, त्यातून निघणारी ऊर्जा खऱ्या तळाच्या खाली कधीच जात नाही. म्हणून हेलियमला ७७.५ आले, ७७.९ आले, पण असल्या पद्धतीने ८० येणार नाहीत. ज्याच्या चुकीची दिशा आधीपासून माहीत आहे, त्याच्याशी व्यवहार करता येतो. बाजारात वजन नेहमी थोडे कमीच घालणारा दुकानदार एकदा ओळखीचा झाला की त्रास देत नाही. पण या तत्त्वाची हद्द ही की ते ऊर्जेपुरते बोलते. ऊर्जा चांगली आली म्हणजे इलेक्ट्रॉनांचा ढगही चांगला आला असे होत नाही. अंदाजातली चूक ऊर्जेत वर्ग होऊन उतरते, म्हणून ती बारीक दिसते. इतर गोष्टींत ती आपल्या मूळ आकारात उभी राहते. माझी फजिती नेमकी येथे झाली होती. ऊर्जेच्या प्रमाणपत्रावर मी भाराच्या पारड्याचे उत्तर खपवू पाहत होतो.

आता दुसऱ्या घराण्याकडे जाऊ. हवा निवळ असली म्हणजे आमच्या लाँचमधून ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याच्या अणुसंशोधन केंद्राला १९६७ पासून होमी भाभांचे नाव आहे. भाभा म्हटले की आपल्याला अणुभट्ट्या आठवतात. परंतु जगभरच्या पदार्थवैज्ञानिकांच्या तोंडी त्यांचे नाव रोज येते ते केंब्रिजमध्ये वयाच्या पंचविशी-सव्विशीत केलेल्या एका गणितामुळे. इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारी जुळा पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर कसे विखुरतात, हे त्यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात काढले. एक वाट साधी : दोघे एकमेकांना ढकलून निघून जातात. दुसरी वाट अशी की दोघे एकमेकांना नाहीसे करतात आणि त्या ऊर्जेतून तशीच जोडी पुन्हा जन्माला येते. भाभांनी दोन्ही वाटा जमेस धरल्या.

हे गणितही अदमासाचे आहे. विद्युत्‌बलाचा जोर सुमारे १/१३७ या लहान अपूर्णांकाने मोजला जातो. पहिले पद घ्यावे, मग त्याची शंभराव्या हिश्शासारखी दुरुस्ती, मग दुरुस्तीची दुरुस्ती, अशी ही पायरीपायरीची रीत. तिचे यश थक्क करणारे आहे. इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचा आकडा या रीतीने प्रयोगाशी सुमारे बारा स्थळांपर्यंत जुळतो. मनुष्याने केलेल्या दुसऱ्या कोणत्या हिशेबाने इतकी परीक्षा दिली असेल असे मला वाटत नाही.

आणि तरीही १९५२ साली फ्रीमन डायसनने दाखवले की या पायऱ्या चढत राहिल्या तर माडी येत नाही. त्याची युक्ती घरगुती म्हणावी इतकी साधी होती. ही बेरीज खरोखर कोठे तरी स्थिरावत असेल तर त्या लहान अपूर्णांकाचे चिन्ह उलटे करूनही ती स्थिरावली पाहिजे. पण चिन्ह उलटे म्हणजे सारखे भार एकमेकांना ओढू लागणार. मग पोकळीतूनच जोड्या निघून एकेका बाजूला गोळा होत राहतील आणि असे जग क्षणभर टिकणार नाही. म्हणून बेरीज स्थिरावत नाही. पहिल्या पुष्कळ पायऱ्यांपर्यंत ती सत्याजवळ नेते, आणि त्यापुढे गेलात तर सत्यापासून दूर नेते. आज आपण उंबरठ्याच्याही अलीकडे आहोत, म्हणून सगळे ठीक चालले आहे; पण उंबरठा आहे.

काही ठिकाणी तर या रीतीला पहिले पाऊलही टाकता येत नाही. अतिथंड केलेल्या काही धातूंतला विजेचा रोध साफ नाहीसा होतो, हे १९११ साली दिसले. त्याचा उलगडा १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी केला. मध्ये शेहेचाळीस वर्षे गेली आणि मोठमोठ्यांनी डोकी फोडली. कारण ज्या जोड्यांमुळे हे घडते, त्यांचा वाटा पायरीपायरीच्या रीतीत प्रत्येक पायरीला शून्य येतो. शंभर पायऱ्या घ्या की हजार घ्या, बेरीज शून्यच. येथे आकडा थोडा चुकत नाही. गोष्टच दिसत नाही. अशा जागी अधिक कष्ट करणे व्यर्थ असते, वाटच बदलावी लागते.

भाभांच्या गणिताची पुढची हकीकत मला फार बोधप्रद वाटते. जिनेव्हाजवळ सत्तावीस किलोमीटर घेराच्या कड्यात १९८९ ते २००० या काळात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडवल्या गेल्या. एकूण टकरी किती झाल्या हे मोजण्याची फूटपट्टी कोणती? भाभांचेच विखुरणे, कारण त्याचे गणित सर्वांत विश्वासाचे. त्या फूटपट्टीने मोजून विश्वात हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती किती हे काढले, तेव्हा उत्तर आले २.९८४, आणि अनिश्चिती ०.००८ ची. जाती तर पूर्णांकातच असणार. तीनपेक्षा हे उत्तर अनिश्चितीच्या दुपटीने खाली होते. लहानसाच खडा, पण दाताखाली येणारा. कित्येकांनी त्यात नव्या निसर्गनियमाची चाहूल ऐकली. २०१९-२० च्या सुमारास जुनी गणिते पुन्हा तपासली गेली. समोरून येणाऱ्या कणांचे झुबके निघून जाणाऱ्या कणांना किंचित वळवतात हे मोजणीत धरायचे राहिले होते, आणि भाभा-विखुरण्याच्या बारीक दुरुस्त्याही आता अधिक चोख करता येत होत्या. दोन्ही जमेस धरल्यावर उत्तर आले २.९९६३. खडा विरघळला. नवा नियम नव्हता, जुन्या अदमासाची हद्द होती. आणि वीस वर्षांनी ती हद्द सापडू शकली याचे कारण असे की आधीच्यांनी आपण काय धरले, काय सोडले आणि किती चूक संभवते हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते.

तिसरे घराणे आजकाल सर्वांत भरभराटीत आहे. वॉल्टर कोन आणि होएनबर्ग यांनी १९६४ साली सिद्ध केले की रेणूतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनचा स्वतंत्र माग काढायचे कारण नाही. इलेक्ट्रॉनांची दाटी कोठे किती आहे एवढे कळले तरी ऊर्जा ठरते. पुढच्याच वर्षी कोन आणि शाम यांनी ते व्यवहारात आणायची रीत दिली, आणि १९९८ साली कोन यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पॉपल यांच्याबरोबर मिळाले. सिद्धान्त अचूक आहे. मात्र त्यातला एक कळीचा तुकडा काय आहे ते सिद्धान्त सांगत नाही. तो अस्तित्वात आहे एवढेच सांगतो. तो तुकडा प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने बनवतो. नेहमीच्या साध्या अंदाजांनी सिलिकॉनमधला ऊर्जेचा पट्टा निम्म्याच्या आसपास येतो, आणि दूरदूरच्या रेणूंमधली जी सूक्ष्म ओढ असते ती बहुतेक हरवते. या पद्धतीवर माझा आक्षेप तिच्या चुकांबद्दल नाही. पाया अचूक सिद्धान्ताचा आहे, म्हणून वरचा मजलाही अचूक आहे, असे जे भासवले जाते, त्याबद्दल आहे.

या बाबतीत पुण्याचे उदाहरण मला नेहमी सांगावेसे वाटते. पुणे विद्यापीठातले प्राध्यापक श्रीधर गद्रे आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली मोठ्या रेणूंसाठी एक पद्धत मांडली. तिचे नावच शिंपीकामावरून ठेवलेले आहे. प्रचंड रेणूचे गणित एकदम झेपत नाही. म्हणून तो एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे पाडून बेतायचा, प्रत्येक तुकड्याचे गणित वेगळे करायचे, सगळे जोडायचे आणि जो भाग दोनदा मोजला गेला तो वजा करायचा. कापड बेतताना शिंपी शिवणीसाठी माया सोडतो ना, तसेच. येथे हद्द कोठे येणार हे उघड आहे : ज्या रेणूत इलेक्ट्रॉन लांबवर पसरलेले असतात, तेथे कात्री लावली की वीण उसवते. या मंडळींनी ती हद्द लपवली नाही. प्रत्येक अणूभोवती त्याच्या तुकड्यात निदान किती जागा सुटली आहे, याचे एक माप त्यांनी पद्धतीतच शिवून टाकले. माया किती सोडली हे गिऱ्हाइकाला दाखवणारा शिंपी विरळा! याच विद्यापीठात १९९० साली पाठक आणि गद्रे यांनी एक अचूक निष्कर्षही काढला होता : रेणूच्या विद्युत्‌विभवाचे शिखर अणुकेंद्राशिवाय अन्यत्र असूच शकत नाही. असे निष्कर्ष अदमासाच्या दर्यातल्या खडकांसारखे असतात. एखाद्याचे गणित भलत्याच जागी शिखर दाखवू लागले, तर चूक गणिताची, हे तेथल्या तेथे सांगता येते.

मग माझी तक्रार कोणाविरुद्ध आहे? दोन प्रकारच्या लिहिणाऱ्यांविरुद्ध. पहिले म्हणतात, 'संगणकाने सिद्ध केले.' संगणक बेरीज चुकत नाही हे खरे. पण त्याला जे गाळायला सांगितले ते तोही बिनचूक गाळतो. दुसरे याच्या उलट. पुंजयामिकीत सारे अदमासच आहेत असे ऐकले की त्यांना हर्ष होतो. हायझेनबर्गचे अनिश्चिततेचे तत्त्व पुढे करून ते म्हणतात, शास्त्राचेच पाय डळमळीत आहेत, तेव्हा आमचेही मत चालेल. या लोकांनी दोन निराळ्या गोष्टींची मोट बांधली आहे. हायझेनबर्गची अनिश्चितता निसर्गात आहे. ती किती, हे तेच शास्त्र नेमके सांगते, आणि गणित कितीही अचूक केले तरी ती जात नाही. हार्ट्रीच्या पद्धतीतली चूक आपल्या गणितात आहे. अधिक कष्टाने ती कमी करता येते, आणि हिलेरासने ती केलीही. समुद्राला लाटा आहेत म्हणून माझ्या दीड तासाच्या हिशेबाला क्षमा मिळत नाही.

आमच्या अभ्यासक्रमांतही हा दोष आहे, आणि पुढे तीस वर्षे शिकवताना मीही त्याचा वाटेकरी होतो. विद्यार्थ्याला पद्धत शिकवायची, तिची यशस्वी उदाहरणे सोडवून घ्यायची, आणि ती जेथे आपटते ते उदाहरण 'अभ्यासक्रमाबाहेर' म्हणून सोडून द्यायचे. शेवटच्या काही वर्षांत मी उलटी रीत धरली. हेलियम शिकवला की त्याच तासाला फ्लोरीन. पद्धत गाळते काय, चूक कोणत्या बाजूला पडते, आणि ज्या गोष्टीचा निकाल लावायचा ती त्या चुकीपेक्षा मोठी आहे की लहान, या तीन प्रश्नांची उत्तरे आल्याशिवाय आकड्याला गुण नाहीत. मुले कुरकुरत. पण पुढे औषधाच्या कारखान्यात गेलेल्या एका मुलीने मला लिहिले होते की तेथे रोज उपयोगी पडतो तो आकडा काढण्याचा भाग नव्हे, ते तीन प्रश्न.

वडील मचव्याच्या नाळेवर उभे राहून दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडीत आणि किती वाव पाणी आहे ते मोजून मगच आत शिरत. पाऊणपटीचा पाढा त्यांनाही येत होता. आम्हाला तो त्यांनीच शिकवला. पण पाढा त्यांना निघायचे केव्हा एवढे सांगे. गाळाजवळ आल्यावर ते पाढ्याला गप्प बसवीत.

२०२४ साली अटल सेतू झाला आणि उरणला आगगाडीही आली, तेव्हापासून पाणी न पाहता घरी येता येते. आक्का आता ऐंशीच्या घरात आहे. दर भाऊबीजेला मीच तिच्याकडे जातो आणि आदल्या दिवशी ती फोनवर विचारते, "किती वाजता पोचशील?" मी सांगतो, "नवाला निघालो तर अकराला. पण बारापर्यंत निरांजन लावू नकोस." ती हसते. पन्नास वर्षांपूर्वीची थट्टा तिला अजून पुरते. मला मात्र ते उत्तर देताना दर वर्षी बरे वाटते. त्यात आकडा आहे आणि आकड्याची हद्दही आहे.